फुव्वाचे गालिचे : निर्यातीने उत्पादकता वाढते का, याचे एक प्रकरण

जून २०१४ मध्ये इजिप्तमधील फुव्वा या गावी एका कार्यशाळेत विणकरांना पाळीपाळीने बोलावून एकच काम सांगितले जात होते : १४० बाय ७० सेंटिमीटर मापाचा एक गालिचा विणून द्यायचा. नमुना सर्वांना सारखा होता, धागा एकाच प्रतीचा होता आणि मागही एकाच बनावटीचे होते. गालिचाही काही विशेष नव्हता. देशी बाजारात नेहमी खपतो तसाच तो साधा प्रकार होता. विणायला लागलेला वेळ टिपून घेतला जाई आणि तयार गालिचा, तो कोणाच्या हातचा आहे हे न सांगता, परीक्षकांपुढे ठेवला जाई. या विणकरांपैकी काही जण त्याआधी परदेशी गिऱ्हाइकांसाठी विणत आलेल्या घरांतले होते, तर काहींना ती संधी मिळालेली नव्हती. ती कोणाला मिळावी हे कोणाच्या कर्तबगारीवर, ओळखीवर किंवा भांडवलावर ठरले नव्हते. ते सोडतीने ठरले होते. या एका गोष्टीमुळे हे प्रकरण मुळापासून वाचण्याजोगे झाले आहे.

ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप झाला तो प्रश्न जुना आहे. कारखानदारीच्या आकडेवारीत एक गोष्ट देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसते : निर्यात करणाऱ्या कंपन्या थोड्या असतात आणि त्या इतरांहून मोठ्या, अधिक पगार देणाऱ्या आणि अधिक उत्पादक असतात. अमेरिकेसारख्या देशातही २००० साली सर्व कंपन्यांपैकी जेमतेम ४ टक्के कंपन्या निर्यात करीत होत्या. पण निर्यातदार अधिक उत्पादक असतात, एवढ्यावरून निर्यातीने त्यांना उत्पादक केले असे म्हणता येत नाही. परदेशात माल पाठवायचा तर गिऱ्हाईक शोधावे लागते, नमुने पाठवावे लागतात, तिथले नियम सांभाळावे लागतात आणि हा खर्च आधीपासून सक्षम असलेल्यालाच झेपतो. म्हणजे कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. १९९८ साली क्लेरिडिस, लाख आणि टायबाउट या अर्थतज्ज्ञांनी कोलंबिया, मेक्सिको आणि मोरोक्को येथील कारखान्यांची आकडेवारी तपासून नेमके हेच दाखवले : चांगले कारखाने निर्यातीकडे वळत होते, पण निर्यात सुरू केल्यामुळे त्यांचा खर्च उतरला असा पुरावा फारसा मिळत नव्हता. पुढे २००७ साली यान दे लोकर यांना स्लोव्हेनियाच्या कारखान्यांत निर्यात सुरू झाल्यावर उत्पादकता वाढलेली आढळली. दोन्ही बाजूंना भक्कम काम होते आणि तरीही वाद मिटत नव्हता, कारण निर्यात कोण करणार हे प्रत्येक ठिकाणी कारखानदार स्वतःच ठरवत होता. ज्याने स्वतः ठरवले, त्याच्या अंगी आकडेवारीत न दिसणारे असे काय होते, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम उस्मान या तीन अर्थतज्ज्ञांनी तो निर्णय कारखानदाराच्या हातून काढून सोडतीच्या हाती दिला. त्यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

फुव्वा हे नाईल नदीच्या रशीद फाट्यावरचे, त्रिभुज प्रदेशातले गाव आहे. अभ्यासाच्या काळात वस्ती सुमारे ६५ हजार होती. अलेक्झांड्रियाहून तिथे पोचायला दोनेक तास लागतात. गावात गालिचे विणणारे शेकडो छोटे व्यवसाय आहेत. हे गालिचे लव नसलेले, सपाट विणीचे असतात आणि पायाने चालवायच्या लाकडी मागावर विणले जातात. अभ्यासासाठी जे व्यवसाय निवडले त्यांत पाचपेक्षा कमी माणसे काम करीत. बहुतेक ठिकाणी मालक स्वतःच विणकर, माग एखादा, आणि तो राहत्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत मांडलेला. अर्थशास्त्राच्या भाषेत यांना ‘फर्म’ म्हणायचे, पण डोळ्यांसमोर आणायचे ते एक घर, एक माग आणि त्यावर बसलेला एक माणूस. हे लोक गालिचा मध्यस्थ व्यापाऱ्याला देतात आणि व्यापारी तो पुढे विकतो. शेवटचे गिऱ्हाईक विणकराला सहसा दिसतही नाही.

परदेशी मागणी आणायचे काम ‘एड टू आर्टिझन्स’ या हस्तकारागिरांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने आणि ‘हामिस कार्पेट्स’ या फुव्वातीलच व्यापारी पेढीने मिळून केले. २००९ मध्ये सुरुवात झाली, पण मागणी लगेच आली नाही. श्रीमंत देशांतील खरेदीदार गाठणे, त्यांना नमुने दाखवणे, त्यांच्या पसंतीप्रमाणे नमुने पुन्हा करून देणे आणि छोट्या मागणीवर विश्वास बसल्यावर मोठी मागणी मिळवणे यात वर्षाहून अधिक काळ गेला. निर्यातीला चालना द्यायची म्हणून योजना आखणाऱ्यांनी हा काळ आठवणीत ठेवावा असे मला वाटते. विणकरांकडे कसब नव्हते म्हणून तो गेला नाही. दूरच्या गिऱ्हाइकाची ओळख आणि भरवसा मिळवण्यात तो गेला, आणि एकट्यादुकट्या विणकराला हे काम स्वतःच्या बळावर कधीच जमले नसते.

मागणी हाती येऊ लागल्यावर सोडत झाली. दोन तुकड्या मिळून २१९ व्यवसाय अभ्यासात होते. पहिल्या तुकडीत ७९ आणि दुसरीत १४०. त्यांपैकी अनुक्रमे ३९ आणि ३५ व्यवसायांना निर्यातीचे गालिचे विणण्याची संधी देण्यात आली. उरलेले पूर्वीप्रमाणेच देशी बाजारासाठी विणत राहिले. दुसऱ्या तुकडीतील सगळे जण गावात सर्वाधिक विणल्या जाणाऱ्या ‘दुब्ले’ जातीचे गालिचे करणारे होते. त्यानंतर काही वर्षे दोन्ही गटांकडे ठरावीक काळाने जाऊन नफा, उत्पन्न, कामाचे तास, विणलेले क्षेत्रफळ आणि गालिच्यांचा दर्जा यांची नोंद ठेवली गेली.

या काळात देशात मोठी उलथापालथ झाली. जानेवारी २०११ मध्ये कैरोत उठाव झाला, सरकार गेले आणि परदेशी पर्यटकांची संख्या २०१० मधील सुमारे १ कोटी ४७ लाखांवरून २०११ मध्ये सुमारे ९८ लाखांवर आली. केवळ ‘निर्यातीपूर्वी’ आणि ‘निर्यातीनंतर’ अशी तुलना केली असती तर या घसरणीने सगळा हिशेब विस्कटला असता. सोडतीत संधी न मिळालेला गट त्याच गावात, त्याच बाजारात, त्याच वाईट दिवसांतून जात होता, म्हणून तुलना टिकली. तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे म्हणजे अभ्यासकांची औपचारिकता, असा अनेकांचा समज असतो. त्यांनी फुव्वाची ही वर्षे पाहावीत.

आता निष्कर्षांकडे. नफा वाढला. संधी मिळालेल्या गटाचा नफा दुसऱ्या गटापेक्षा १६ ते २६ टक्क्यांनी जास्त भरला. गालिच्यांचा दर्जा ठळकपणे सुधारला. आणि दर तासाला होणारे उत्पादन, म्हणजे एका तासात किती चौरस मीटर विणले जाते तो आकडा, घटला.

हा तिसरा निष्कर्ष वाचताना थांबायला हवे. उत्पादकतेची आपल्या सगळ्यांच्या मनातली व्याख्या हीच असते : तेवढ्याच वेळात किती माल निघाला. त्या व्याख्येने पाहिले तर निर्यातीने हे विणकर मागे पडले, आणि तरीही त्यांचा नफा वाढला. उलट, बहुतेक देशांच्या कारखानदारीच्या पाहणीत प्रत्यक्ष माल मोजलेला नसतो, विक्रीची रक्कम मोजलेली असते. ती फूटपट्टी इथे लावली असती तर महाग गालिचा विकणारा विणकर आपोआप उत्पादक ठरला असता, कारण किमतीतील वाढ आणि हातातील कसबाची वाढ या दोन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळून जातात. म्हणजे एका मोजमापाने निर्यातीने घसरण झाली आणि दुसऱ्याने वाढ झाली. माझ्या मते दोन्ही मोजमापे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतात. विचारायचे ते असे की, तोच गालिचा, तेवढ्याच वेळात, हा विणकर पूर्वीपेक्षा चांगला विणू शकतो का?

गालिचे एकसारखे नसतात, ही यातली खरी अडचण आहे. निर्यातीचा गालिचा घट्ट विणीचा, अधिक धाग्यांचा, रंग आणि नक्षी यांबाबत अधिक चोखंदळ असतो. तो विणायला वेळ जास्त लागणारच. एक काल्पनिक हिशेब मांडून हे स्पष्ट करता येईल. समजा, एक विणकर देशी प्रतीचा गालिचा तासाला ०.३० चौरस मीटर विणतो. निर्यातीचा गालिचा तो तासाला ०.२४ चौरस मीटर विणू लागला. वरवर पाहता वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला. पण त्याच्याइतकाच अनुभव असलेल्या, निर्यातीचे काम कधी न केलेल्या शेजाऱ्याला तोच अवघड गालिचा दिला आणि त्याला तासाला ०.२० चौरस मीटरच जमले, तर आपला विणकर त्या कामात शेजाऱ्यापेक्षा २० टक्क्यांनी अधिक उत्पादक आहे. तासाचा आकडा घसरला तो काम अवघड झाले म्हणून. हात मात्र सुधारलेला आहे.

अभ्यासकांनी खऱ्या आकड्यांवर याच दिशेने हिशेब केला. गालिच्याची विणीची अवघडता, धागा, रंगांची संख्या आणि तो बाजाराच्या कोणत्या थरासाठी आहे अशा बाबी लक्षात घेऊन, सारख्या प्रकारच्या गालिच्यांची तुलना केल्यावर संधी मिळालेल्या गटाची उत्पादकता जास्त भरली आणि दर्जाही वरचढ राहिला. तासाच्या कच्च्या आकड्यात दिसलेली घसरण ही गालिचा बदलल्याची खूण होती.

तरीही एक रास्त शंका शिल्लक राहते आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. या विणकरांना चांगले विणणे आधीपासूनच येत असेल, तर? देशी व्यापारी साध्या गालिच्याला साधा भाव देत असेल तर विणकराने त्यात जीव का ओतावा? परदेशी गिऱ्हाइकाने जास्त पैसे देऊ केले, तेव्हा त्याने सावकाश आणि मन लावून विणले, एवढेच घडले असेल. तसे असेल तर निर्यातीने त्याला काही शिकवले नाही. त्याच्या अंगच्या कसबाला भाव दिला. विणकराच्या दृष्टीने तेही काही कमी नाही, पण उत्पादकतेच्या वादात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. कसबाला भाव मिळाला असेल तर मागणी थांबताच सारे पूर्वपदावर येईल. शिकणे झाले असेल तर ते हातात राहील.

सुरुवातीला वर्णन केलेली कार्यशाळा या शंकेचा निकाल लावण्यासाठी उभारली होती. तिथे परदेशी गिऱ्हाईक नव्हते आणि वाढीव भाव नव्हता. गालिचा देशी प्रतीचा, म्हणजे दोन्ही गटांच्या सवयीचा होता. चांगला धागा किंवा चांगला माग मिळाल्याचा फायदा कोणाला व्हायला नको म्हणून दोन्ही सारखे ठेवले होते. परीक्षक दोन होते : एक गालिच्यांचे काम वर्षानुवर्षे केलेला तज्ज्ञ कारागीर आणि एक हस्तकलेचे प्राध्यापक. दोघांनाही गालिचा कोणाचा हे ठाऊक नव्हते. निकाल असा लागला की, निर्यातीचा अनुभव असलेल्या गटाचे गालिचे दर्जाने सरस ठरले आणि ते विणायला त्यांना वेळ मात्र दुसऱ्या गटाइतकाच लागला. सावकाश विणून दर्जा आणला असता तर वेळ वाढलेला दिसला असता. तो दिसला नाही. जास्त पैशासाठी मन लावले म्हणावे तर इथे जास्त पैसा नव्हता. उरते ते हातात आलेले कसब.

दर्जा कसा मोजला हे थोडे जवळून पाहायला हवे, कारण ‘दर्जा’ हा शब्द ढिलेपणाने वापरला की अशा अभ्यासाचा पायाच डळमळतो. तज्ज्ञ कारागीर प्रत्येक गालिच्याला अकरा निकषांवर १ ते ५ गुण देत असे. वीण किती दाबून बसली आहे, कोपरे काटकोनात आहेत का, गालिचा जमिनीवर सपाट बसतो की त्याला लाटा येतात, ताण्याचे धागे किती घट्ट आहेत, नक्षी ठरल्याप्रमाणे उतरली आहे का, हाताला स्पर्श कसा लागतो, वजन किती, असे ते निकष होते. मागावर बसलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी जाणवते. ताण्याचे उभे धागे मागावर चढवताना काही सैल आणि काही ताठ राहिले, तर विणताना तो दोष लपून राहतो. गालिचा मागावरून उतरवला की सैल भाग फुगतो आणि कापड लाटांसारखे उठते. बाण्याचा आडवा धागा काठाशी वळवताना जास्त ओढला तर काठ आत खेचला जातो, कमी ओढला तर बाहेर लोंबतो, आणि दोन्ही वेळा कोपरा बिघडतो. हे काही यंत्र बदलून सुधारणारे दोष नव्हेत. धागा किती ओढायचा, कधी सोडायचा, विणीवर घाव किती जोराने आणि कोणत्या लयीत घालायचा, याचे ते ज्ञान आहे. ते लिहून देता येत नाही; चूक दाखवणारा कोणीतरी लागतो.

हा चूक दाखवणारा कोण, याचा मागही अभ्यासकांनी काढला, आणि मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. परदेशी खरेदीदार काय नाकारतो आणि का नाकारतो, हे व्यापारी पेढीला कळत असे. पेढी ते विणकरापर्यंत नेत असे : इथे कोपरा चुकला, इथे लाट आली, ताणा असा चढव. विणकराशी कोणत्या निकषाविषयी बोलणे झाले याची नोंद ठेवली होती. ती नोंद आणि गुण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ज्या निकषांविषयी माहिती दिली गेली होती, नेमक्या त्याच निकषांवर दर्जा सर्वाधिक सुधारलेला आढळला. केवळ जास्त मेहनत हे कारण असते तर सुधारणा सगळ्याच निकषांवर सरसकट पसरली असती. जिथे शिकवले तिथेच वाढ झाली, म्हणजे ज्ञान खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेले. शिवाय ही सुधारणा एका दिवसात उगवली नाही. निर्यातीचे काम जसजसे अंगाखालून गेले तसतशी ती चढत गेली. पैशामुळे नुसती इच्छा बदलली असती तर पहिल्याच गालिच्यात पूर्ण दर्जा दिसायला हवा होता.

या प्रकरणाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. हे एका गावातले, एका धंद्यातले, हाताने चालणारे काम आहे. मोठा कारखाना निर्यातीच्या भरवशावर नवी यंत्रे घेतो, उत्पादनाचा पसारा वाढवून दर नगामागचा खर्च उतरवतो, संशोधनावर पैसा लावतो. एका मागाच्या घरात यातले काही घडत नाही. मोठ्या कारखान्यांविषयी जाणून घ्यायचे तर दुसरीकडे पाहावे लागते. उदाहरणार्थ, अमेरिकेबरोबर १९८९ साली लागू झालेल्या मुक्त व्यापार करारानंतर कॅनडातील कारखान्यांचे काय झाले याचा अल्ला लिलीवा आणि डॅनियल ट्रेफलर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. तिथे आधी कमी उत्पादक असलेले जे कारखाने अमेरिकेतील जकात उतरल्यामुळे निर्यातीकडे वळले, त्यांची उत्पादकता वाढली आणि त्यांनी नवे तंत्रही अधिक प्रमाणात स्वीकारले. तो मार्ग गुंतवणुकीचा होता, फुव्वाचा मार्ग शिकण्याचा. दोन्ही मार्गांना ‘निर्यातीने उत्पादकता वाढते’ हे एकच वाक्य लावले जाते आणि त्यातून बराच गोंधळ होतो.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. विणकर शिकला तो निर्यातीमुळे की चोखंदळ गिऱ्हाइकामुळे? इजिप्तमधल्याच एखाद्या व्यापाऱ्याने कोपऱ्यांबाबत तेवढाच आग्रह धरला असता, चूक दाखवून पुन्हा मागणी दिली असती आणि चांगल्या मालाला चांगला भाव दिला असता, तर कदाचित तोच परिणाम झाला असता. सोडतीने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत. संधी मिळालेल्यांना त्या एकत्रच मिळाल्या. माझे स्वतःचे मत असे की, देशाची सीमा ओलांडण्यात काही जादू नाही. पण तसा आग्रह धरणारे आणि त्याची किंमत मोजणारे गिऱ्हाईक फुव्वाला सीमेपलीकडेच मिळाले, ही वस्तुस्थिती आहे, आणि गरीब देशांतील बहुतेक छोट्या उत्पादकांची स्थिती याहून फार वेगळी नसावी. म्हणून निर्यातीला मदत करणाऱ्या एखाद्या योजनेचे मूल्यमापन करायचे झाले, तर किती माल बाहेर गेला हे मोजण्याबरोबरच नाकारलेल्या मालाचे कारण उत्पादकापर्यंत कोण आणि कसे पोचवतो, हेही तपासावे लागेल. ते कारण व्यापाऱ्याच्या वहीतच अडकून पडले, तर जहाज भरून माल गेला तरी विणकराच्या हातात काही येणार नाही.

व्यापारी पेढीच्या बाजूनेही पाहायला हवे. विणकराला शिकवण्यात तिचा वेळ जातो आणि शिकलेला विणकर उद्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. तरीही इथे पेढीने शिकवले, कारण खरेदीदार दर्जावर अडून होता आणि चांगल्या विणकरांशिवाय मागणी पुरी होणे शक्य नव्हते. ही मागणी पुढे तुटली तर शिकवणेही थांबेल. जे आधीच शिकले आहेत त्यांच्या हातचे कसब मात्र परदेशी मागणीवाचूनही शाबूत राहते, आणि कार्यशाळेतील त्या साध्या, देशी प्रतीच्या गालिच्यांवर परीक्षकांनी गुण दिले ते याच कसबाला.